'टंकिक' : लेखन, अर्थ आणि 'बोली' हा शब्द

ऑस्ट्रेलियाविषयीच्या एका लेखात तिथल्या आदिवासी भाषांच्या एका गटाचा 'टँगकिक बोली' असा उल्लेख वाचून एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत : हे नाव देवनागरीत कसे लिहावे, आणि येथे 'बोली' म्हणणे योग्य आहे का?

मला 'टंकिक' हे लेखन योग्य वाटते, कारण 'क'आधीच्या अनुस्वाराचा जो उच्चार आपण 'अंक'मध्ये करतो तोच येथे अभिप्रेत आहे आणि त्यानंतर वेगळा 'ग' नाही. 'माणूस' या अर्थाच्या, या भाषांना समान असलेल्या 'टंका' शब्दावरून भाषाशास्त्रज्ञांनी हे नाव घडवले. घोष-अघोष भेदाने, म्हणजे 'ट'ऐवजी 'ड' किंवा 'क'ऐवजी 'ग' उच्चारल्याने, या भाषांत अर्थ बदलत नाही, म्हणून हाच शब्द 'डंका' असाही लिहिलेला आढळतो.

'बोली' मात्र टाळावे. क्वीन्सलँडच्या उत्तरेस, कार्पेंटारियाच्या आखातात मॉर्निंग्टन बेटावर लार्डिल, बेंटिंक बेटावर कायार्डिल्ड, मॉर्निंग्टन आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या लहान बेटांवर यांकाल आणि समोरच्या किनाऱ्यावर युकुल्टा, म्हणजेच गंगालिडा, अशा या भाषा आहेत. त्या एकमेकींच्या नात्यातल्या असल्या तरी प्रत्येकीची घडण निराळी आहे. लार्डिलमध्ये ज्वालेसाठीच्या 'यलुलु' या मूळ रूपाचा अंत्य स्वर प्रत्यय नसताना गळतो आणि 'यलुल' उरते.

कायार्डिल्डची विभक्तिरचना तर विलक्षण आहे. 'बाईने माणसाच्या जाळ्याने मासा पकडला' याचे कायार्डिल्ड रूप 'माकु यलवुजर्र यकुरि-न डंक-कर्र-ङुनि-न मिजिल-ङुनि-न' असे होते. यात 'माकु' म्हणजे बाई, 'यलवुजर्र' म्हणजे पकडला, 'यकुरि' म्हणजे मासा, 'डंक' म्हणजे माणूस आणि 'मिजिल' म्हणजे जाळे. 'कर्र' म्हणजे आपला 'चा', 'ङुनि' म्हणजे साधनवाचक 'ने'. मराठीत 'माणसाच्या'मधला 'च्या' पुढचे नाम सामान्यरूपात आहे एवढेच सुचवतो, पण कायार्डिल्डमध्ये जाळ्याचा 'ने' माणसालाही लागतो, आणि त्यावर भूतकाळ दाखवणारा 'न' मासा, माणूस, जाळे या तिन्ही नामांवर येतो. काळ केवळ क्रियापदाने दाखवायचा असतो, ही आपली समजूत येथे टिकत नाही. भाषाशास्त्रज्ञ निकोलस इव्हान्स यांचे 1995 साली प्रसिद्ध झालेले कायार्डिल्डचे व्याकरण म्हणूनच विभक्तीच्या अभ्यासकांना अनिवार्य ठरले.

कायार्डिल्डचा ऱ्हास झाला, पण तो तिला बोलीभाषेचा दर्जा असल्यामुळे झालेला नाही. 1948 साली बेंटिंक बेटावरील लोकांना मॉर्निंग्टनच्या मिशन वसाहतीत हलवले गेले, तेथे मुलांना आईवडिलांपासून दूर वसतिगृहात ठेवले गेले, आणि घरात भाषा शिकण्याची परंपरा तेथेच तुटली. सबब 'टंकिक भाषा' किंवा 'टंकिक भाषागट' असेच लिहावे.