पापणीवरची लाल गाठ: तुमचे प्रश्न

प्रश्न: माही पोरगी अडीच महिन्याची हाये. वरच्या पापणीवर आधी टाचणीएवढा लाल ठिपका होता, आता बोराएवढा झाला. सासू म्हणते ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं. गावातले डॉक्टर म्हणतात आपोआप जाईल. (आर्वी)

ग्रहणाचा काही संबंध नाही, सासूबाईंना माझं नाव सांगा. हा हिमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढून झालेली साधी गाठ, कॅन्सर नाही. मुलींमधे आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांमधे जास्त दिसते. तुमचे डॉक्टर अगदीच चुकले असंही नाही, हीच गाठ पाठीवर असती तर मीपण म्हटलं असतं राहू द्या, वर्षानंतर ती जिरायला लागते आणि चारेक वर्षांत बहुतेक जिरते. पण पापणीवर तेवढा वेळ नसतो. गाठीने डोळा झाकला, किंवा तिच्या दाबाने डोळ्याची समोरची काच वाकून चष्म्याचा सिलिंडर नंबर आला, की मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडतो, मग पुढे गाठ गेली तरी नजर कमजोरच राहते. आणि वाढ सगळ्यात जोरात पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्यामुळे याच आठवड्यात निघा. सेवाग्रामला डोळ्यांचे आणि मुलांचे दोन्ही डॉक्टर भेटतात.

प्रश्न: प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं. मेडिकलवाला म्हणे हे तं बीपीचं औषध, बाळाले काहून?

बरोबर बोलला तो, बीपीचंच आहे. 2008 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी लिहिलं, की एका बाळाला ते हृदयाच्या त्रासासाठी दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या चेहऱ्यावरची गाठ लालभडकची जांभळट आणि मऊ झाली. अपघातानेच सापडलं म्हणा ना. त्याआधी आम्ही स्टिरॉइड द्यायचो, पापणीत इंजेक्शनसुद्धा, त्यात डोळ्याच्या पडद्याची रक्तवाहिनी बंद व्हायची भीती असायची. 2014 मधे अमेरिकेत या औषधाला खास बाळांच्या गाठीसाठी मान्यता मिळाली.

एक मात्र बघा. सिरप मिळालं नाही तर गोळीचे भाग करून देतात, आणि गोळी 10 ची पण येते, 40 ची पण. माझ्याकडे एक आई चक्क 40 ची घेऊन आली होती, नशीब पाजायच्या आधी दाखवली. पट्टीवरचा आकडा चिठ्ठीशी स्वतः जुळवा.

प्रश्न: मी सकाळी कापूस वेचाले जातो, औषध सासूबाई पाजतात. चालते ना? (घाटंजी)

चालतं, पण आधी दूध, मग औषध. हे औषध उपाशी बाळाची साखर उतरवतं आणि ती उतरली की बाळ घामेजतं, थंड पडतं, गळून जातं, दूध ओढत नाही, आणि आजीला वाटतं छान झोपलं. झोपलेलं नसतं ते! तुम्ही सातला पाजून शेतात गेल्या, आजीने अकराला औषध दिलं, तुम्ही परत दोनला, हे गणित धोक्याचं आहे. सकाळचा डोस तुम्ही अंगावर पाजल्याबरोबर स्वतःच द्या, संध्याकाळचा परत आल्यावर तसाच, आणि रात्री फार वेळ उपाशी झोपू देऊ नका.

उलटी, जुलाब सुरू झाले, बाळ दूध घेईना किंवा छातीत सुईसुई वाजायला लागलं तर डोस थांबवा आणि डॉक्टरला फोन. औषध ओकलं तर दुसऱ्यांदा पाजू नका. बाळ असं गळालेलं दिसलं तर मात्र फोन करत बसू नका, सरळ दवाखाना.

प्रश्न: बिबा लावला तं जळून जाईल का?

पापणी जळेल. अजिबात नको, काजळही नको. पातळ, वरवरच्या गाठीला त्याच जातीच्या टिमोलॉल औषधाचे थेंब चोळायला देतात कधीकधी, पण तेही अंगात भिनतात, म्हणून सांगितले तेवढेच. खोल, निळसर गाठीला थेंब पुरत नाहीत.

प्रश्न: दोन महिन्यात गाठ अर्धी झाली, औषध बंद करू का?

नका करू. कमीत कमी सहा महिने, बहुतेकदा बाळ वर्षाचं होईपर्यंत चालतं, मधेच सोडलं तर गाठ परत फुगते. दर भेटीला वजन करा, डोस वजनावरच ठरतो. आणि गाठ बसली तरी डोळ्यात थेंब टाकून नंबर तपासून घ्या. नंबर निघाला तर चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर दिवसाचे काही तास पट्टी. पोर पट्टी ओढून काढेल, रडेल, तुम्ही परत लावा.