साचा आणि चाक नसताना मातीचा टिकी मग हाताने कसा बनवावा?

तुम्ही विचारलंय की मित्राच्या पन्नाशीला त्याच्याच चेहऱ्याचा टिकी मग, म्हणजे कोरीव चेहऱ्याचा कॉकटेलचा मग, द्यायचाय, पण चाक नाही, साचा नाही, तर जमेल का? नक्की जमेल. प्लास्टरचा साचा आणि त्यात ओतायची पातळ माती हे एकसारखे शंभर मग काढणाऱ्यांचं काम. एकाच मगाला लाटणं पुरतं. मी कॅलिफोर्नियात एका सामायिक स्टुडिओत हे मग करतो. डॉन बीच आणि व्हिक्टर बर्जरॉन यांनी १९३०च्या दशकात पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या धाटणीच्या सजावटीचे रमचे बार काढले ते याच राज्यात, आणि कोरीव चेहऱ्यांचे हे मग त्याच बारांच्या परंपरेतले.

मित्राचा चेहरा घेताय हे मला फार आवडलं. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या परंपरेत टिकी म्हणजे पहिला माणूस, आणि पॅसिफिकमधल्या मार्केसस बेटांवरच्या दगडी टिकी मूर्ती तिथल्या लोकांना पवित्र आहेत. त्यांची नक्कल मी करत नाही.

आधी माप. स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी) वाळून, भाजून साधारण १२ टक्के आक्रसते. हे लांबीचं झालं. आतली जागा जवळजवळ एक तृतीयांश कमी होते. बर्फासकट ४०० मिली मावायला हवं असेल तर ओला मग ६०० मिलीचा करा. आतून आठ सेंमी रुंद आणि बारा सेंमी उंच, एवढं पुरे.

सहा मिमी जाडीच्या दोन पट्ट्यांमध्ये माती ठेवून लाटा, म्हणजे जाडी सगळीकडे एक येते. वर्तमानपत्र गुंडाळलेल्या पाइपभोवती ती पोळी फिरवा. कागद विसरलात तर पाइप निघणार नाही. सांध्याच्या दोन्ही कडांवर चरे पाडा, मातीचा पातळ चिखल लावा आणि दाबा. करंजीसारखं नुसतं पाण्याचं बोट फिरवून भागत नाही, वाळताना सांधा उकलतो. तळही असाच जोडा.

आता चेहरा. माझा पहिला मग इथेच गेला. मी नाक म्हणून मातीचा अंगठ्याएवढा भरीव गोळा चिकटवला होता. वरून कोरडा दिसत होता, आत ओल होती. पहिल्या भाजणीत त्या ओलीची वाफ झाली, नाक फुटलं आणि त्याचे तुकडे शेजारच्या बाईंच्या वाडग्यावर उडाले. त्यांची महिन्याभराची मेहनत होती ती. तेव्हापासून मी नाक चिकटवत नाही. माती मऊ असतानाच दोन बोटं आत घालून भिंत बाहेर ढकलतो, बाहेरून दुसऱ्या हाताचा आधार देतो. भुवया, गाल, हनुवटी सगळं असंच आतून येतं. भिंत सगळीकडे सारखी राहते आणि चेहऱ्यात जीव येतो. हुबेहूब साम्याच्या मागे लागू नका. मित्राच्या भुवया आणि जबडा पकडा, लोक ओळखतात.

रात्रभर प्लास्टिकखाली ठेवा. माती चामड्यासारखी घट्ट झाली की डोळे, दात, केसांच्या रेषा कोरा. ओठाला लागणारा काठ मात्र ओल्या स्पंजाने गुळगुळीत करा. मग आठवडाभर सावकाश वाळू द्या. गालाला लावून गार लागला तर अजून ओला आहे.

पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला. त्यानंतर कोरलेल्या रेषांत आयर्न ऑक्साइडचं पाणी भरून वरचं पुसून घ्या. खाचांत गडद रंग उरतो आणि लाकडाचा भास होतो. आतून खाण्यापिण्याला चालणारं, शिसं नसलेलं ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावा. तळाची बाहेरची बाजू मात्र ग्लेझशिवाय ठेवा. माती, ग्लेझ आणि भट्टी तिन्ही एकाच तापमानाची हवीत. आमच्याकडे कोन ६ (कोन हे भट्टीची उष्णता मोजायचं माप), म्हणजे साधारण १२२० अंश.

शेवटी दोन परीक्षा. मग पाण्याने भरून रात्रभर कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर तो फक्त शोभेचा. माय ताय हे टिकी बारांचं रमचं कॉकटेल लिंबाच्या रसाशिवाय होत नाही, म्हणून त्याच ग्लेझच्या एका नमुन्यावर लिंबाची फोड दिवसभर ठेवा. तिथला रंग किंवा चकाकी बदलली, तर ते ग्लेझ आतून वापरू नका.