डिकीतलं हेल्मेट

‘मॅडम, सगळं कळतंय, पण वळत नाहीये. माझ्यातच काही खोट आहे का?’

संपलेल्या नात्यातून मन निघत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य साधारण हेच असतं. तिचंही तेच होतं. तिशी नुकतीच ओलांडलेली, कोथरूडला एकटी राहणारी, रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जाणारी मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. हेल्मेट मात्र खरं आहे, तिला विचारून लिहितेय.)

चार वर्षांचं नातं. तो पंधरा-पंधरा दिवस गायब व्हायचा. मग एखाद्या रात्री ‘झेड ब्रिजवर ये’ असा मेसेज यायचा आणि ही पुढ्यातलं ताट सरकवून स्कूटर काढायची. दोन तास तो इतका गोड वागायचा की मागचं सगळं धुऊन निघायचं. लग्नाचा विषय काढला की पुन्हा गायब. शेवटी तिनेच संपवलं. तो बंगळुरूला जाऊनही सहा महिने झाले होते, पण त्याचं हेल्मेट तिच्या डिकीतच होतं. ‘कधी भेटला तर द्यायला.’

पहिल्या भेटीत मी घाई केली. नंबर डिलीट कर म्हटलं, तिने माझ्यासमोर केलाही. पुढच्या आठवड्यात म्हणाली, ‘पाठ आहे हो मॅडम.’ इतक्या वर्षांनंतरही मी असा सल्ला द्यावा, याची लाज वाटली.

मग तिला मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातल्या कबुतरांबद्दल सांगितलं. बटणावर चोच मारली की दर वेळी दाणा मिळायची सवय असलेलं कबूतर, दाणा बंद झाला की लवकर थांबतं. पण कधी मिळेल याचा नेमच नसेल, तर ते दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहतं. माणसांचंही फार वेगळं नसतं. त्याने रोज प्रेम केलं असतं, तर कदाचित ते इतकं चिकटलं नसतं.

‘म्हणजे मी कबूतर?’ ती हसली, आणि हसता हसता रडली. (एरवी पुण्यात कबुतरांचं नाव काढलं की गाडी बाल्कनीच्या जाळीवर जाते.)

विसरायचा प्रयत्न आम्ही सोडूनच दिला. एखादा विचार दाबायला गेलं की तो जास्त डोकं वर काढतो. त्याऐवजी एक वही केली. त्याचं प्रोफाइल उघडलं की वेळ लिहायची, आणि त्याच्या जरा आधी काय झालं होतं तेही. बंद करायची सक्ती नाही.

दहा दिवसांनी वही पाहिली. जवळजवळ सगळ्या नोंदी रात्री साडेदहानंतरच्या आणि त्याआधी एकच गोष्ट: आईचा फोन. विषय, स्थळं. फोन ठेवला की घर खायला उठायचं आणि बोट त्या फोटोवर जायचं. तेव्हा पुढच्या तीन भेटी आम्ही त्याच्याबद्दल बोललोच नाही, आईबद्दल बोललो. आता ती संध्याकाळी बसमधूनच आईला फोन करते; स्थळांचं फक्त रविवारी.

मध्ये एकदा त्याचा ‘कशी आहेस?’ आला. दोन वाजेपर्यंत बोलली आणि माझ्याकडे मान खाली घालून आली. मी विचारलं, सकाळी काय केलंस? ‘उठले, डबा केला, बस पकडली.’ पूर्वी असं झालं की ती दोन दिवस अंथरुणातून उठायची नाही.

(झोप-जेवण उडालं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वहीवर थांबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा; मोफत आहे, रात्रीही चालू असतो.)

हेल्मेटचं काय करायचं, ते मी कधीच सुचवलं नाही. गेल्या भेटीला ती उशिरा आली.

‘मंडईत गेले होते. मटार डिकीत मावेनात, मग हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. घरी गेल्यावर माळ्यावर टाकलं.’ जरा थांबून म्हणाली, ‘फेकलं नाहीये हं अजून.’

‘मटार किती घेतलेस?’

‘पाच किलो. आई येतेय ना सोलायला.’