फुगणारी आणि बसणारी गाठ

प्रश्न : आमची लॅब्रेडॉर नऊ वर्षांची आहे. तिच्या बरगड्यांवर लिंबाएवढी मऊ गाठ दोन वर्षांपासून आहे. आता मांडीवर वाटाण्याएवढी दुसरी आली आहे. ती मध्येच फुगते, दोन दिवसांत बसते. हात लावून बघून दोन्ही चरबीच्या असल्याचं सांगण्यात आलं. आपोआप बसते म्हणजे काळजी नाही ना? (सांगली)

उत्तर : बसते म्हणूनच ती आधी तपासून घ्या. बरगड्यांवरची बहुधा चरबीची, म्हणजे लायपोमा असेल : मऊ, कातडीखाली सरकणारी, हळूहळू वाढणारी. पण फुगणं-बसणं हे चरबीच्या गाठीचं लक्षण नाही. मास्ट सेल ट्यूमर हा कातडीचा कर्करोग असा वागतो. त्याच्या पेशींत हिस्टामाइन असतं. गाठ चोळली-दाबली की ते बाहेर पडून भोवतालची कातडी लाल होते, फुगते. सूज ओसरली की घरच्यांना वाटतं, गाठ जिरली. तेव्हा ती दाबून बघू नका, शेकू नका, बुडाशी दोरा बांधू नका, चुना लावू नका.

मास्ट सेलची गाठ हाताला हुबेहूब चरबीसारखीही लागते. बोटांना हा फरक कळत नाही, सुईला कळतो. 'सुई घालून तपासा' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. २२ किंवा २३ नंबरची सुई, ५ मिलीची सिरिंज आणि काचपट्ट्या एवढंच लागतं. भूल बहुतेकदा लागत नाही. चरबी असेल तर पट्टीवर तेलकट थेंब राहतात, ते वाळतच नाहीत. मास्ट सेल असेल तर रंग दिल्यावर पेशींत जांभळे कण ठासून भरलेले दिसतात. दोन्ही गाठींसाठी वेगळी सुई, वेगळी पट्टी आणि पट्टीवर जागेचं नाव हवं. नुसतं रक्त आलं तर गाठ साधी ठरत नाही, परत सुई घालावी लागते. निदानाआधी स्टेरॉइड देऊ नका. गाठ तात्पुरती आक्रसते आणि निदान चुकू शकतं.

मास्ट सेल निघालीच, तर भोवतालची साधारण २ सेंमी निरोगी कातडी आणि खालचा एक थर घेऊन ती काढतात. पायावर कातडी मुळात कमी, म्हणून वाटाण्याएवढी असतानाच काढणं सोपं. काढलेली गाठ तिच्या दहापट १० टक्के फॉर्मालिनच्या द्रावणात घालून प्रयोगशाळेत पाठवायलाच हवी. ग्रेड किती, म्हणजे कर्करोग किती आक्रमक, आणि काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगाच्या पेशींपासून मोकळ्या आहेत का, हे तिथेच कळतं. दरम्यान उलट्या झाल्या किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हिस्टामाइनमुळे पोटात आम्ल वाढून व्रण होतात.

जवळपास सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारा. पुढेही कोणतीही गाठ १ सेंमीची झाली किंवा महिनाभर टिकली, की सुई घालून घ्या. लायपोमा ठरली तर मात्र काखेत येऊन चालताना अडत नाही तोवर तिला हात लावायची गरज नाही.

प्रश्न : नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या आचळाशी हरभऱ्याएवढी गाठ आहे. थांबू का? (नाशिक)

उत्तर : नको. अशा गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात, आणि इथे सुईचा निकाल पुरेसा भरवशाचा नसतो. गाठ काढूनच तपासतात. त्याआधी आचळांच्या पाचही जोड्या आणि जांघेतल्या लसिका ग्रंथी चाचपून घ्या, छातीचा एक्स-रे काढा.