फोटो म्हटलं की आई स्वयंपाकघरात, बाबा सावधान

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, ताई परदेशातून येतेय, सगळे साताऱ्याच्या घरी जमणार आहेत. अडचण अशी की फोन वर केला की आई "माझा नको गं, तुमचे काढा" म्हणत स्वयंपाकघरात शिरते आणि बाबा झेंडावंदनाला उभे असल्यासारखे ताठ होतात. मग फोटोग्राफर बोलवावा, की घरच्यांनीच काढावेत?

मी साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, बारशी असल्या घरगुती कार्यांचे फोटो काढते, त्यामुळे माझी निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढचीच. फोटोग्राफर हा नंतरचा प्रश्न. आधी आईबाबा का टाळतात ते बघा. बहुतेक घरांत दोनच कारणं निघतात. आजवर त्यांनी पाहिलेले स्वतःचे फोटो खरोखर वाईट आलेले असतात, आणि काढलेला फोटो पुढे कुठे जाणार यावर त्यांचा काही ताबा नसतो.

बाबांचं ताठ होणं तर समजण्यासारखंच आहे. त्यांच्या तरुणपणी फोटो हा खर्चाचा विषय होता. १२० नंबरच्या फिल्मच्या रोलमध्ये १२ फोटो, ३५ मिलिमीटरच्या लांब रोलमध्ये ३६. डोळे मिटले तर तेवढे पैसे पाण्यात, आणि ते कळणार रोल धुऊन आल्यावर. स्टुडिओतला माणूस हनुवटीला हात लावून मान वळवायचा आणि "हलू नका" म्हणायचा. ते अंगात मुरलंय. त्यानंतरचे फोटो कुठले, तर आधार, बँक, पासपोर्ट. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, तोही आता फोनवर चेहरा दाखवून: चेहरा गोलात आणा, डोळे मिचकवा. त्यांच्या लेखी कॅमेरा म्हणजे सरकारी काम. तिथे कोण हसतं?

म्हणून "बाबा, हसा ना" हे वाक्य त्या दिवशी घरात कुणीच उच्चारायचं नाही. हसा म्हटलं की ओठ ताणले जातात, डोळे कोरडेच राहतात, आणि कवळी असेल तर माणूस मुद्दाम तोंड मिटून घेतो. त्यापेक्षा दोघांचं एकमत होणार नाही असा प्रश्न विचारा. वरातीची बस कुठल्या घाटात बंद पडली होती? लग्नात आमटी कमी पडली ती कुणामुळे? एका सहस्रचंद्रदर्शनाला आजोबा अगदी पुतळा होऊन बसले होते. मी आजींना विचारलं, बघायला आले तेव्हा काय बोलले हो हे? आजी म्हणाल्या, "बोलतायत कसले, पोह्यांची दुसरी बशी मागितली." आजोबा "खोटं आहे ते!" म्हणत त्यांच्याकडे वळले, बोट उगारलेलं, आणि दोघंही हसत सुटले. त्या घराच्या दिवाणखान्यात आज तोच फोटो लावलाय. शालजोडी पांघरून काढलेले सगळे अल्बममध्ये गेले.

हात रिकामे असले की माणूस अवघडतो, हेही लक्षात ठेवा. आईला मटार सोलायला, वाती वळायला, गजरा करायला बसवा. बाबांना पेपर, अडकित्ता, नातवाची सायकल, काहीही चालेल. हात गुंतले की खांदे आपोआप खाली येतात.

पण इथे एक मोठा पण आहे. आपल्या पिढीला नकळत टिपलेल्या फोटोंचं फार कौतुक, आयांना ते मुळीच नसतं. गाऊन घातलेला, डोक्याला तेल, हाताला कणीक, आणि मुलगा दारातून फोटो काढून म्हणतो, "किती नॅचरल आलाय!" ती बाई पुढच्या वेळी फोन दिसायच्या आत दार लावून घेते, आणि बरोबरच करते. आदल्या दिवशी सांगून ठेवा: आई, उद्या चारच्या सुमाराला थोडे फोटो काढू. ती तिच्या मनाची साडी नेसेल, बाबा दाढी करतील, केसांना रंग लावायचा असेल तर लावतील. तयारी त्यांची, क्षण तुमचा. मटार सोलतानाचा फोटोसुद्धा सांगूनच काढायचा. सांगितल्यामुळे तो खोटा होत नाही.

आता वाईट फोटोंबद्दल. आईला "मी फोटोत फेंदारलेली दिसते" असं वाटत असेल, तर तो तिचा भ्रम नाही. सेल्फी जवळून निघते आणि जवळून काढलेल्या फोटोत नाक पुढे येतं, कान मागे जातात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं होतं: एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. त्यात घोळक्याच्या सेल्फीत आईला कडेला उभं करतात, आणि रुंद लेन्स कडेचा चेहरा आणखी ताणते. त्यामुळे आईबाबांची सेल्फी नकोच. सात-आठ फूट मागे जा, मागचा कॅमेरा वापरा, फोनमध्ये २ एक्स, म्हणजे दुप्पट झूम, असेल तर ते लावा. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. ते बसलेले असतील तर तुम्हीही खाली बसा, गुडघे दुखले तरी.

दुसरी गंमत आरशाची. आपण स्वतःला जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. भांग एका बाजूला, तीळ एका बाजूला, हे सगळं डोळ्यांना सवयीचं. फोटो सरळ असतो, म्हणून स्वतःलाच आपण थोडे वाकडे वाटतो. १९७७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना त्यांचाच चेहरा दोन्ही प्रकारे दाखवला. निम्म्याहून जास्त जणींनी स्वतःचा उलटा फोटो पसंत केला, त्यांच्या मैत्रिणींनी सरळ. आई "हे माझं तोंडच नाही" म्हणाली तर फोटो एडिट करताना आडवा उलटवून दाखवा. मात्र फक्त चेहऱ्याचा. पूर्ण साडीतला उलटवलात तर पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि ती तत्क्षणी तुम्हाला पकडेल.

उजेडाचं थोडक्यात: डोक्यावरची ट्यूबलाइट बंद, दुपारचं अंगण नको. खिडकीशी किंवा पडवीत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून बसवा. फ्लॅश मारू नका, सुरकुत्या आणि घाम दोन्ही उठून दिसतात. बाबांचा चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर त्यांना बाहेरून आल्या आल्या फोटोला बसवू नका, काच पांढरी व्हायला काही मिनिटं लागतात. काचेवर खिडकी चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचला, चमक जाते. चष्मा काढायला लावू नका. वर्षानुवर्षं चष्मा लावणारा माणूस त्याविना परका दिसतो. खोल गादीच्या सोफ्यावर बसवलं की पोट दिसतं आणि मान आत जाते. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची किंवा झोपाळा उत्तम.

आणि ताबा. माझ्या मते सगळं यावर अडतं. आईला म्हणा, तुला नको तो फोटो तूच काढून टाक, आणि फोन खरंच तिच्या हातात द्या. चार फोटो गेले तर जाऊ देत. "अगं छान तर आलाय!" असा वाद घालू नका, नाहीतर तिने निवडायचं म्हणण्याला अर्थ काय राहिला? डिलीट केलेले फोटो फोनच्या कचरापेटीत महिनाभर तरी पडून असतात, तिथूनही तिच्यासमोर काढून टाका. तिला विचारल्याशिवाय नातेवाइकांच्या ग्रुपवर एकही जाणार नाही, हे ताईला आणि विशेषतः भाचरांना बजावून ठेवा. एकदा कुणाच्या तरी स्टेटसवर नको तो फोटो झळकला की पुढची पाच वर्षं गेली म्हणून समजा. निवडलेल्यातले दोन-तीन मात्र पाच बाय सातच्या आकारात छापून घरी द्या. कागदावरचा फोटो त्या पिढीला आपला वाटतो, शेजारणीला दाखवता येतो.

हे सगळं कार्याच्या दिवशी सुरू करू नका. आत्ता महिना आहे. घरी जाल तेव्हा फोन बाबांच्या हातात द्या आणि त्यांना आईचे फोटो काढायला सांगा. चुकीचं बटण दाबतील, बोट लेन्सवर येईल, आई चिडेल. चालू दे. ज्याने दहा फोटो काढलेत त्याला अकराव्यात बसणं फारसं अवघड वाटत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक. वडील गेल्यानंतर मंगलकार्याच्या फोटोत आई स्वतःहून कडेला सरकते, असं अजूनही बऱ्याच घरांत दिसतं. तिला सगळ्यांदेखत "ये ना मध्ये" म्हणून ओढू नका, कुणीतरी काकू काहीतरी बोलतेच. खुर्च्या मांडतानाच मधली तिची ठेवा, कुणी जमायच्या आत तिला तिथे बसवा, मांडीवर नातू द्या. मग बाकीचे भोवती उभे राहतात आणि विषयच निघत नाही. पार्किन्सन्स असेल तर चेहऱ्याचे स्नायू आखडतात, आतून खूष असलेला माणूसही गंभीर दिसतो. त्यांच्याकडून हसू मागू नका, हात हातात घेतलेला फोटो काढा.

तर तुमचा मूळ प्रश्न. पाहुणे पन्नासच्या वर असतील तर फोटोग्राफर बोलवा, म्हणजे तुम्ही बहिणी फोटोत असाल. शक्यतो एकच माणूस, सोबत दिव्यांची फौज नको. त्याला अर्धा तास आधी बोलवून चहा द्या, आईबाबांशी गप्पा मारू देत, कॅमेरा पिशवीतच राहू दे. सगळ्यांचा एकत्र फोटो औक्षण झाल्या झाल्या, पानं वाढायच्या आधी उरकून घ्या. जेवणानंतर साड्या चुरगळतात, पुरुष पेंगतात आणि कोल्हापूरची मंडळी बसला निघालेली असतात. घरचेच पंधरा-वीस असाल तर पैसे घालवू नका, तिपाई घ्या आणि फोनचा टायमर एकाच वेळी अनेक फोटो काढेल असा लावा. ताईला सांगा, तिथून रिंग लाइट आणू नकोस, बाबांच्या चष्म्यात दोन बांगड्या दिसतील.