घरात राहून बर्डीला जायचं तर

बेटा, आजारानं घराबाहेर पडता येत नाही, तर आपल्या नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीत) मनानं कसं फिरायचं, असं विचारलंस ना, तर आधी हे लक्षात ठेव की आठवणीत फिरायलाही अंगातली ताकद खर्च होते. एमई/सीएफएससारख्या, न हटणारा थकवा आणणाऱ्या आजारात डोक्याचे श्रमसुद्धा मोजावे लागतात, आणि त्याचा फटका बरेचदा दुसऱ्या दिवशी बसतो. म्हणून एका दमात अख्खं नागपूर नको. एकच जागा घे.

मी सणवार टाळते. तान्ह्या पोळ्याची मारबत, म्हणजे मिरवणुकीतला तो मोठा पुतळा, आठवायला बसलं की 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ऐकू येतं, आणि मग आपलीच का नाही नेली म्हणून चिडचिड होते! साधी सकाळ बरी. तर्री-पोह्याचा ठेला घे: पोह्यांवर चण्याची तर्री पडते, लाल तवंग प्लेटच्या कडेला सरकतो, वरून कच्चा कांदा, आणि दुसऱ्यांदा तर्री मागताना ठेलेवाला मान वर न करता ओततो. एवढं पुरे. डोळे मिटून घे, पाच मिनिटांत उठ.

मैत्रिणींना 'फुटाळा तलावावर कसं होतं?' विचारशील तर 'मस्त' एवढंच येईल. त्यापेक्षा भुट्टेवाल्याजवळ उभं राहून आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांग. जुने फोटो मात्र रात्री उघडू नकोस, झोपेचं खोबरं होतं. आणि मेट्रोत अजून बसली नसशील तर तिचीही हळहळ नको. आठवायला आपली जुनी सिटी बस आहे ना, खिडकीची जागा धरून.