प्रोसेसर रीसेट करायला कीबोर्डची चिप?

प्रश्न: नमस्कार सर, मी बीएस्सी कॉम्प्युटर सेकंड इयरला आहे. ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि आर्किटेक्चर (प्रोसेसरची रचना) असे दोन वेगळे पेपर, शिकवणारेही वेगळे, एकमेकांच्या विषयात कुणी शिरत नाही. हॉस्टेलवर एक सीनियर म्हणाला की जुन्या पीसीत प्रोसेसर रीसेट करायला कीबोर्डची चिप वापरायचे. थाप आहे ना? आणि चिप बनवणारे ओएसवाल्यांना विचारतात तरी का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: थाप नाही रे, अगदी खरंय. सीनियरला माझ्यातर्फे चहा पाज.

1982 ला इंटेलचा 80286 आला. आधीच्या 8086 ला मेमरी दिसायची 1 एमबी, आणि कुठलाही प्रोग्रॅम कुणाच्याही मेमरीत हात घालायचा. 286 ने 16 एमबी दिली आणि प्रोटेक्टेड मोड दिला, म्हणजे आता प्रत्येकाला आपापलं कुंपण. चिप चालू व्हायची ती जुन्या, बिनकुंपणाच्या रिअल मोडमध्येच, मग ओएसने तिला प्रोटेक्टेडमध्ये न्यायचं. पण परत यायला इन्स्ट्रक्शनच नाही! एकदा तिकडे गेलेली ओएस परत कशाला येईल, असा हिशोब असावा. आता बाजारात तर सगळीकडे डॉस ही जुनी ओएस, आणि डॉसचे प्रोग्रॅम रिअल मोडचे, त्यामुळे दोन्हीकडे ये-जा करायची तर रीसेट हाच एक रस्ता उरला.

1984 च्या आयबीएम पीसी एटीमध्ये कीबोर्डसाठी 8042 नावाचा कंट्रोलर होता आणि त्याच्या काही पिना मोकळ्या होत्या. त्यातली एक जोडली थेट प्रोसेसरच्या रीसेटला. मग प्रोग्रॅम आधी सीमॉसमध्ये (बॅटरीवर टिकणारी छोटी मेमरी) एका बाइटमध्ये खूण लिहून ठेवायचा, कंट्रोलरच्या 64 नंबरच्या (हेक्स बरं का) पोर्टवर एफई ही आज्ञा पाठवायचा, कीबोर्डवाला कंट्रोलर प्रोसेसरला रीसेट करायचा, बायॉस (मशीन चालू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) उठला की ती खूण बघून ओळखायचा की हे नवं बूट नाही, आणि आधी ठरवलेल्या पत्त्यावर उडी मारायचा. रॅम तशीच शाबूत. या खोलीतून त्या खोलीत जायला घराचा मेन स्विच पाडून परत चढवावा तसं! आणि वेळ किती जायचा, विचारू नकोस.

त्याच कंट्रोलरची दुसरी पिनही अशाच कामाला लागली. 8086 ला पत्त्याच्या 20 लाइनी, 1 एमबीच्या पुढचा पत्ता दिला की गुंडाळून परत शून्यावर. 286 मध्ये तसं गुंडाळणं होईना, पण काही जुने प्रोग्रॅम यावरच विसंबलेले, म्हणून एकविसाव्या लाइनीला, म्हणजे ए20 ला, फाटक लावलं आणि त्याची कडी कीबोर्ड कंट्रोलरच्या हातात दिली.

इंटेलला मग कळलं म्हणायचं, कारण 1985 च्या 386 मध्ये परतीची वाटही आली आणि व्हर्च्युअल 8086 मोडही आला, प्रत्येक डॉस प्रोग्रॅमला वाटावं की अख्खी मशीन आपलीच. म्हणजे विचारतात, फक्त कधीकधी चूक झाल्यावर.

उलटंही होतं. 386 मध्ये टास्क स्विचिंग, म्हणजे एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर जाणं, हार्डवेअरमध्येच दिलेलं. 1991 ला लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स सुरू केलं तेव्हा ते वापरलंही होतं. पण पुढे लक्षात आलं की तेच काम सॉफ्टवेअरमध्ये केलं तर जास्त मोकळीक मिळते, आणि लिनक्सने ते सोडलं. 2003 ला एएमडीची 64 बिटवाली चिप आली तेव्हा 64 बिट मोडमध्ये ती सोय काढूनच टाकली होती. कुणी वापरतच नाही तर सिलिकॉन कशाला अडवायचं.

चिप आणि ओएस ही दोन्ही कामं एकाच घरात असली की गोष्ट वेगळीच. ॲपलने 2020 ला एम1 ही एआरएम पद्धतीची चिप काढली तेव्हा इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम तिच्यावर चालवायचे होते, आणि मेमरीत लिहिलेलं दुसऱ्या कोअरला कुठल्या क्रमाने दिसावं याचे इंटेलचे नियम एआरएमपेक्षा कडक. सॉफ्टवेअरने ते पाळत बसलं तर स्पीड मेला. म्हणून त्यांनी चिपमध्येच इंटेलच्या नियमाने चालायचा एक स्विच दिला, इंटेलचे प्रोग्रॅम एम1 वर चालवणारं ॲपलचं सॉफ्टवेअर, रोझेटा, तो वापरतं.

बाकी कुणी पुरावा मागितला तर लिनक्सच्या बूट पॅरामीटरमध्ये (सुरू होताना द्यायच्या सूचनांमध्ये) reboot=kbd असा पर्याय आजही आहे, तो दाखव. केबीडी म्हणजे तोच, आपला कीबोर्ड कंट्रोलर.